खुंटीवरचा बिल्ला

सृष्टीला दोन विद्यापीठांत प्रवेश मिळाला आणि पेढ्यांचा बॉक्स फुटायच्या आधीच तिच्या बापाची, भाऊसोची, झोप उडाली.

एक विद्यापीठ सांगलीकडचं, दुसरं साताऱ्याचं. विषय तेच, डिग्री तीच, फीसुद्धा उन्नीस-बीस. मार्कांवर निकाल लावावा, तर दोन्हीकडं तिचं नाव पहिल्या यादीत. मग निवडायला उरलं काय, तर राहणं. पोरगी कुठं झोपणार, काय खाणार, कुणाशी बोलणार, ताप आला तर पाणी कोण देणार. शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत एकीकडं होकार भरायचा आणि दुसरीकडची जागा सोडून द्यायची, आणि आज सोमवार होता. दीपमालानं, म्हणजे सृष्टीच्या आईनं, मोबाईलवर दोन्हींचे फोटो बघून त्यांचं बारसंही उरकलं होतं. सांगलीकडचं ते काचेचं आणि साताऱ्याचं ते दगडाचं. तेव्हापासून घरात त्यांचं खरं नाव कुणी घेतलं नाही.

भाऊसो विट्याजवळच्या एका लहान गावचा, पण पोटासाठी मदुराईचा. त्या भागात ज्याच्या त्याच्या घरचा एक तरी माणूस कुठल्यातरी लांबच्या शहरात सोनं गाळायच्या दुकानात बसलेला असतो, तसाच हाही. जुने दागिने मुशीत घालायचे, भट्टीत वितळवायचे, त्यातलं चोख सोनं वेगळं करून द्यायचं. तीस वर्षं हेच. डोळ्याला इतकी सवय झालेली, की लग्नात नवरीचा चेहरा बघायच्या आधी तिच्या गळ्यातल्या गंठणाचा कस त्याच्या डोक्यात तयार असायचा. वर्षातून एकदा महिनाभर गावी यायचा आणि त्या महिन्यात अकरा महिन्यांचं बापपण उरकायला बघायचा. घरातल्यांना तो महिना जरा जडच जायचा.

पण या वेळच्या काळजीला कारण होतं. दहावीनंतर सृष्टीला त्यानंच एका लांबच्या निवासी कॉलेजात घातलं होतं. मदुराईत बसून, फोनवर. चौकशी केली नव्हती असं नाही. भावकीतला एक पोरगा तिथं होता, त्याला विचारलं, कसं हाय रं? तो म्हणाला, बरं हाय काका. भाऊसोला तेवढं पुरलं. मग रोज सृष्टीला फोन. कसं हाय? बरं हाय. जेवलीस का? जेवले की. काय जेवलीस? तर ती भाजीचं नावसुद्धा सांगायची. आणि दिवाळीला एस.टी.तून उतरली तेव्हा दीपमालानं तिला मिठी मारली आणि तशीच धरून रडायला लागली, कारण हाताला नुसती हाडं लागली.

पोरगी परत गेली नाही. बारावी तिनं विट्यातनंच केली, चांगली केली, हसायबोलायला लागली. पण तिकडं काय झालं ते तिनं सांगितलं नाही आणि घरच्यांनीही उकरून काढलं नाही. भाऊसोच्या मनातनं मात्र ती दिवाळी हलत नव्हती. आपण पुन्हा चुकलो तर पोरगी पुन्हा 'बरं हाय, बरं हाय' करत वाळत जाईल आणि आपण मदुराईत भट्टीपुढं निवांत बसलेले असू, ही भीती त्याच्या मानगुटीवर बसली होती.

बरं, सृष्टीला विचारावं तर ती म्हणायची, तुमी म्हणाल ते, पप्पा, मला कुठलंबी चालंल. 'चालंल' हा तिचा लाडका शब्द. भाजी कुठली करू, चालंल. ड्रेस कुठला घेऊ, चालंल. एकदा दुकानदारानं चपलेचे दोन्ही पाय डावे दिले, तेही तिला संध्याकाळपर्यंत चालले होते.

शेवटी भाऊसोनं आपल्या धंद्यातली अक्कल बाहेर काढली. त्याचा चुलता दादासो, ज्यानं त्याला चौदाव्या वर्षी मदुराईला नेऊन भट्टीपुढं बसवलं, त्याचा एक दंडक होता. टंच काढायचा, म्हणजे सोनं किती चोख ते तपासायचं, तर तुकडा गिऱ्हाइकाच्या हातून घ्यायचा नाही. तो चांगलाच तुकडा देणार. आपला आपण घ्यायचा, आणि लगडीच्या वरच्या कोपऱ्यातनं एक आणि खालच्या कोपऱ्यातनं एक, असे दोन घ्यायचे. वरचं आणि तळाचं सारखंच असेल असं धरून चालायचं नाही. भाऊसो दीपमालाला म्हणाला, आता कॉलेजाचाबी टंच काढायचा.

"आवं, पोरीला शिकायला घालायचीया, आटवायला न्हवं," दीपमाला म्हणाली. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दोघांचा डबा भरून दिला.

मंगळवारी बापलेक काचेच्या विद्यापीठात पोचले. गळ्यात निळी फीत घातलेल्या एका हसऱ्या मुलानं त्यांना सगळं फिरवून दाखवलं. पोहायचा तलाव, जिम, रंगीत सोफ्यांची अभ्यासिका, कॉफीचं दुकान, पावसात न भिजता एका इमारतीतून दुसरीत जायचा झाकलेला रस्ता. खोलीत दोघींना दोन पलंग, दोन टेबलं, स्वतंत्र बाथरूम. भाऊसोनं हसऱ्या मुलाला पुढं जाऊ दिलं आणि आपण मागं राहून नळ सोडून बघितला, गीझर लावून बघितला, खिडकीच्या कडांवरनं बोट फिरवलं. मग स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं आत जाऊन तेलाच्या डब्याचा वास घेतला. तिथल्या वॉचमननं त्याला हटकलं, तेव्हा तो म्हणाला, पालक हाय, टंच काढतोय. वॉचमनला काही कळलं नाही, पण माणूस निरुपद्रवी दिसला म्हणून त्यानं सोडून दिलं.

सगळं चोख होतं. मेसमध्ये पनीर होतं, पोळ्या मऊ होत्या, गोडाला शिरा होता. मुलं दारातल्या यंत्राला कार्ड टेकवायची, टिंग वाजायचं आणि आत यायची. दोनशे-अडीचशे मुलं जेवत होती आणि तरी तिथं गडबड म्हणून नव्हती. ज्याचा त्याचा मोबाईल समोरच्या बाटलीला टेकवून उभा, ज्याच्या त्याच्या कानात हेडफोनची बोंडं, आणि घास तोंडात. भाऊसोला ती शांतता फार आवडली. हिथं शिस्त हाय, तो म्हणाला, आणि शिरा दुसऱ्यांदा घेतला.

आता राहिला खालच्या कोपऱ्यातला तुकडा. त्याचीही सोय होती. भाऊसोच्या साडूचा मुलगा राजवर्धन तिथंच दुसऱ्या वर्षाला होता. त्याच्या वडलांचं कोइमतूरला दुकान, म्हणजे पोरगा घरचा आणि धंद्यातलाही. झाडाखाली गाठ पडली, भाऊसोनं विचारलं, कसं हाय रं? राजवर्धन म्हणाला, बरं हाय काका, लय भारी कॅम्पस. भाऊसोनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि टंच पुरा झाला असं समजला. दोन वर्षांपूर्वी भावकीतल्या पोराला विचारलेला प्रश्न आपण शब्दही न बदलता परत विचारला आणि उत्तरही तेच घेऊन चाललो, हे त्याच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. राजवर्धन काही गिऱ्हाईक नव्हता ना. आपला होता.

परतीच्या बसमध्ये त्यानं सृष्टीला विचारलं, आवडलं का? ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, चांगलं हाय की. चालंल.

बुधवारी दगडाचं. रहिमतपूरवरनं जाणाऱ्या बसनं ते साताऱ्याला उतरले, तोवर भाऊसोचा अर्धा निकाल लागलेलाच होता, आणि पुढं जे दिसलं त्यानं उरलेला अर्धाही लागला. इथं फिरवून दाखवायला कुणी हसरा मुलगा नव्हता. ऑफिसातल्या बाईंनी बोटानं दिशा दाखवली आणि म्हणाल्या, मुलींचं वसतिगृह तिकडं, खाली मेस आहे, पाहुण्यांचं जेवण दोनपर्यंत मिळतं, वर जायचं तर फक्त मुलीनं जायचं. दगडी पायऱ्या मधोमध झिजलेल्या. खाली अंगणात गरम पाण्याचा एकच नळ आणि त्याच्यापुढं बादल्यांची रांग, आणि ऐन दुपारी दोन मुली त्या रांगेवरून कडाकडा भांडत होत्या. भिंतीवरच्या फळ्यावर कुणीतरी खडूनं लिहिलं होतं, माझी जांभळी छत्री ज्या सत्पात्र मुलीनं नेली तिनं ती उघडताना दांडा सांभाळावा, तो निसटतो. सृष्टी वरच्या खोल्या बघून आली. एका खोलीत तीन पलंग आणि खिडकी पुरती लागत नाही, असा अहवाल तिनं दिला, आणि मग का कोण जाणे, जरा हसली.

भाऊसोनं मनातल्या मनात फुल्या मारल्या. पाणी, फुली. खिडकी, फुली. मेसमध्ये शिरला तर तिसरी फुली, कारण आत बाजार भरला होता. या टेबलावरची त्या टेबलावरच्या बाईला हाक मारतीय, कुणी दुसऱ्याच्या ताटातला पापड पळवतीय, कुणी गाणं म्हणतीय आणि चार जणी तिला गप्प बसवतायत. पाहुण्यांच्या ताटात जी आमटी आली तिच्यात त्याला आपला चेहरा दिसला. चला, जेवून निघू, त्यानं ठरवलं, शनिवारपर्यंत कशाला थांबायचं, आजच काचेच्याला होकार भरून टाकू.

तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं, की सृष्टी जेवायला बसलेलीच नाही. ती अजून दाराशी उभी होती आणि भिंतीवरची एक लांब फळी बघत होती. फळीवर लाकडी खुंट्यांच्या रांगा होत्या. प्रत्येक खुंटीखाली एक नाव, आणि काही खुंट्यांवर पत्र्याचे गोल बिल्ले लटकत होते. आत येणारी प्रत्येक मुलगी आपल्या नावाचा बिल्ला काढायची, खालच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची आणि ताट घ्यायची. डब्यात सारखा खण्-खण् आवाज होत होता. दोन वाजायला आले तेव्हा जवळपास सगळ्या खुंट्या रिकाम्या होत्या. तीन बिल्ले तेवढे राहिले होते.

मग स्वयंपाकघरातून एक उंच, काळीसावळी म्हातारी पदराला हात पुसत आली. मेसवाली रंगुबाई. तिनं फळीपुढं उभं राहून उलथन्यानं भांडं वाजवलं, तसा एवढा मोठा कालवा एका दमात थांबला. तिनं राहिलेली तीन नावं मोठ्यानं वाचली. पहिलीची मैत्रीण उठून म्हणाली, ती दवाखान्यात दात दाखवायला गेलीया, चारला येईल, ताट झाकून ठेवा मावशी. दुसरी सांगून घरी गेलेली, बिल्ला काढून ठेवायचा विसरली होती. तिसरीबद्दल कुणीच काही बोललं नाही.

"रुमाना, बघ गं जरा," रंगुबाई म्हणाली.

एक चुणचुणीत मुलगी ताटावरून उठली. ही रुमाना, आटपाडीची, तिसऱ्या वर्षाची. अर्धी भाकरी हातात घेऊनच ती जिन्यानं वर गेली. वरून दार बडवल्याचा आवाज खाली मेसपर्यंत आला. मग थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा दार बडवल्याचा आवाज. शेवटी केस पिंजारलेली, डोळे सुजलेली एक मुलगी रुमानाच्या मागं खाली आली. मला भूक न्हाई म्हणून सांगितलं तर ऐकू येत न्हाई का तुला, असं काहीतरी पुटपुटत तिनं आपला बिल्ला काढून डब्यात आपटला आणि ताट घेऊन बसली. कुणी तिला काही विचारलं नाही. शेजारणीनं फक्त आपली लोणच्याची बाटली तिच्याकडं सरकवली. मेसमध्ये पुन्हा पहिल्यासारखा कालवा सुरू झाला.

सृष्टी हळूच रंगुबाईजवळ गेली. भाऊसोनं घास हातात तसाच ठेवला.

"मावशी, आणि कुणी न्हाईच आलं खाली तर?" तिनं विचारलं.

"न्हाई आली तर तिचं ताट मी वर नेती, आणि तिच्यापुढं बसती," रंगुबाई म्हणाली. "माझं गुडघं दुखत्यात बाळ. म्हातारीला किती वेळ बसवून ठेवायची ते तिनं ठरवायचं."

सृष्टीनं मान हलवली आणि ताट घेऊन बसली. पुढं रंगुबाईनंच सांगितलं, की हे बिल्ले काही विद्यापीठानं दिलेले नाहीत. वीसेक वर्षांपूर्वी एक मुलगी चार दिवस तापानं खोलीत पडून होती आणि मेसमध्ये एवढ्या गर्दीत कुणाच्या लक्षात आलं नाही. ती बरी झाली, पण रंगुबाईला ते फार लागलं. आपण दोनशे ताटं मोजतो आणि एक कमी झालेलं आपल्याला कळत नाही, म्हणजे आपण करतो तरी काय, असं तिला झालं. तिनं पत्र्याच्या डब्यांची झाकणं कापून घेतली आणि नवऱ्याकडून फळी ठोकून घेतली. तेव्हापासून दोन्ही वेळेला हे चालू आहे. मुली कुरकुर करतात आणि पुढच्या वर्षी नवीन आलेल्या मुलींची दारं त्याच बडवतात.

भाऊसो ताटावरून उठला. हात धुताना त्याला एकेक आठवलं. काल आपण नळ बघितला, तेल हुंगलं, खिडकी पुसली, आणि एवढं साधं विचारायचं राहिलं. तो बाहेर अंगणात आला आणि राजवर्धनला फोन लावला. या वेळी त्यानं कसं हाय म्हणून विचारलं नाही. तो म्हणाला, राजा, तू दोन दिवस मेसला गेला न्हाईस, तर तुझ्या दारात कोण येईल?

पलीकडं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग राजवर्धन म्हणाला, कुणी न्हाई, काका. मागल्या पावसाळ्यात त्याला डेंग्यू झाला होता. पाच दिवस तो खोलीत पडून होता, आणि बाहेरून जेवण आणणारा माणूस दारात पिशवी ठेवायचा, तेवढंच काय ते माणूस. खोलीतला दुसरा मुलगा कानात बोंडं घालून असायचा. तोही बिचारा वाईट नव्हता, त्याला कळलंच नव्हतं. हे सगळं राजवर्धन सरळ आवाजात सांगत होता, जसं काही दुसऱ्या कुणाचं सांगतोय.

"मग काल मला बरं हाय का म्हणालास रं?" भाऊसोनं विचारलं.

"मग काय म्हणायचं, काका? आपल्यात दुसरं काय म्हणत्यात?"

रविवारी मी तुला न्यायला येतो, आपल्याकडं जेवायचं आणि राहायचं, एवढं भाऊसोनं सांगितलं. आईला यातलं काही सांगू नका, असं राजवर्धन म्हणाला. मी न्हाई सांगत, पण तू सांग, असं म्हणून भाऊसोनं फोन ठेवला. त्याला स्वतःचाच राग आला होता. तीस वर्षं दुसऱ्याचं सोनं दोन्हीकडून तासून बघणारा माणूस, आणि घरच्या पोरांचं वरचंच घेऊन समाधानानं पुढं चालत होता.

साताऱ्याच्या स्टँडवर विट्याची बस लागलेली होती. सृष्टी चढायला निघाली, तर भाऊसो म्हणाला, थांब, ही जाऊ दे. दोघं बाकावर बसली. त्यानं तिला राजवर्धनचं सगळं सांगितलं. मग विचारलं, कुठलं? ती सवयीनं म्हणाली, तुमी म्हणाल ते. तो म्हणाला, आज मी काय म्हणत न्हाई, आणि खरंच गप्प बसला. भाऊसोला गप्प बसणं कधी जमलेलं नव्हतं, त्यामुळं त्याला ते फार लांबल्यासारखं वाटलं. बस निघून गेली. सृष्टी बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत होती.

"पप्पा, त्या आधीच्या हॉस्टेलात मी एकदा अकरा दिवस मेसला गेले नव्हते," ती शेवटी म्हणाली. "बिस्किटं खाल्ली. पहिल्या दिवशी रडायला येत होतं म्हणून गेले न्हाई. दुसऱ्या दिवशी वाटलं, कुणीतरी विचारील, काल का आली न्हाईस. कुणी विचारलं न्हाई. मग जायची लाज वाटायला लागली."

"अगं, पण मी रोज फोन करत होतो. तू भाजी सांगायचीस."

"मेसच्या बाहेर फळ्यावर लिहिलेलं असायचं. जाता येता वाचायचे, ते सांगायचे."

भाऊसोला स्वतःची पत्रं आठवली. चौदाव्या वर्षी मदुराईत, दुकानाच्या मागं, भाषा येत नव्हती, हातावर तेजाब सांडून कातडं सोललं होतं, आणि तो आईला पत्रात लिहायचा, इथं रोज भात-आमटी असते आणि रविवारी गोड. ते गोड त्यानं कधी डोळ्यांनी बघितलं नव्हतं. आईनं ती पत्रं शेजारणींना वाचून दाखवली होती. हे त्यानं आजवर दीपमालालाही सांगितलं नव्हतं, ते तिथं बाकावर, शेंगदाणे विकणाऱ्यांच्या गलक्यात, त्यानं सृष्टीला सांगितलं. सांगताना त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते पुसायची घाई केली नाही. सृष्टीनं त्याच्या हातावरचा तो जुना पांढरा डाग बघितला. तिला तो भट्टीतल्या कामाचा वाटायचा, त्याला एवढं वय आहे हे माहीत नव्हतं.

मग ती बोलली, आणि या वेळी तिनं बॅगेचा पट्टा सोडून दिला होता.

"काचेचं वाईट न्हाई, पप्पा. तिथं लय जणी मजेत असतील. पण मी कशी हाय ते मला म्हाइत हाय. मी जेवले न्हाई तर मी आपणहून कवाच सांगणार न्हाई. मला दार वाजवणारं कुणीतरी पायजे. मला काचेचं न्हाई चालणार."

न्हाई चालणार. अठरा वर्षांत हे शब्द भाऊसोनं तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. त्याला इतकं हलकं वाटलं, की तो उठला आणि दोघांसाठी दोन-दोन वडापाव घेऊन आला, एवढं जेवण झालेलं असताना. तिनं दोन्ही खाल्ले. पुढची बस येईपर्यंत मोबाईलवर होकार भरूनही झाला, आणि स्टँडवरच बापलेकींत एक करार झाला. बरं हाय हा शब्द आजपासून आपल्या घरात बंद. भाऊसोलाही.

रविवारी राजवर्धन जेवायला आला, दोन दिवस राहिला आणि दीपमालाच्या हातच्या भाकऱ्या खाऊन आपल्या आईला फोन करायला एकटाच रानाकडं गेला. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा धुतल्यासारखा झाला होता. पुढं तो तिथंच शिकला, पण दर दोन आठवड्यांनी भाऊसोच्या घरी यायची सवय त्याला लागली. दीपमालाला तर तेवढंच हवं होतं.

जुलैत सृष्टी साताऱ्याला गेली आणि भाऊसो मदुराईला. पहिले काही दिवस ती फोनवर कमी बोलायची आणि याच्या छातीत धडधडायचं. ऑगस्टातल्या एका मंगळवारी दुपारी भट्टी निवायला ठेवून त्यानं फोन लावला. पावणेदोन वाजले होते. त्यानं विचारलं, काय चाललंय?

आणि पोरगी सुटली. आमटीत डाळ शोधावी लागते. गरम पाण्याला तिचा बारावा नंबर येतो आणि आठव्यालाच पाणी संपतं. खोलीतली एक मुलगी झोपेत पाढे म्हणते, ते पण चुकीचे. खिडकीतून पाऊस थेट उशीवर येतो. केमिस्ट्रीचं काही कळत नाही. गेल्या बुधवारी ती अर्धा तास रडली, घरची आठवण आली म्हणून, आणि रुमानाताई शेजारी बसून शेंगा सोलत राहिली, काही बोललीसुद्धा नाही, असली कसली ती. भाऊसो भिंतीला टेकून बसला होता आणि एकेक तक्रार कान देऊन ऐकत होता. मध्येच त्यानं विचारलं, जेवलीस का?

तेवढ्यात फोनमधून दार बडवल्याचा आवाज आला. दाणदाण, तळहातानं.

"पप्पा, ठेवते आता," सृष्टी वैतागून म्हणाली. "माझा बिल्ला राहिलाय खुंटीवर. आता न्हाई गेले तर मावशी ताट घेऊन वर येतील."

आणि तिनं फोन ठेवलासुद्धा. भाऊसो हातातल्या फोनकडं बघत राहिला. त्याचा जीव भांड्यात पडला होता. समोर रस्त्यावर तमिळमध्ये भांडणं चालली होती, ती त्याला फार गोड लागली. त्यानं लगेच दीपमालाला फोन लावला. तिनं घाबऱ्या आवाजात विचारलं, काय म्हणाली पोरगी? बरं हाय म्हणाली का?

"न्हाई," भाऊसो म्हणाला. "एकदाबी म्हणाली न्हाई."

पलीकडं दीपमालानं सोडलेला सुस्कारा त्याला मदुराईत ऐकू आला. मग ती म्हणाली, आणि तुमी जेवला का? तो सवयीनं व्हय म्हणणार होता. पण करार करार होता. न्हाई अजून, तो म्हणाला, आणि फोन कानाला तसाच धरून त्यानं डबा उघडला.